सर्व्हरची किल्ली कुणाच्या हाती?

(जळगाव आणि धुळे येथील तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय ऐकायला रुक्ष आहे: वेबसाइट चालवण्यासाठी सर्व्हर घेतला, तर तो सांभाळायला कोणतं कंट्रोल पॅनेल निवडावं, आणि सुरक्षितता पहिली ठेवायची असेल तर ही निवड कशी करावी. तुमच्यातले काहीजण अभियांत्रिकी शिकत आहेत, काहीजण आपापल्या संस्थेची वेबसाइट सांभाळतात. काहींनी 'सर्व्हर' हा शब्द फक्त बँकेतल्या खिडकीवर ऐकलाय, 'आज सर्व्हर डाऊन आहे' एवढाच. तिघांनाही समजेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

आधी आपल्या सर्व्हरवर असतं काय ते पाहू. समजा, जळगावात एक सामाजिक संस्था आहे आणि तिची एक शाखा धुळ्यात आहे. संस्थेच्या वेबसाइटवर कार्यक्रमांचे फोटो आहेत, लेख आहेत. त्याच वेबसाइटवर शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे. मुलं त्यात आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँक खात्याचा क्रमांक भरतात. रक्तदात्यांची यादी आहे. आणि महिलांसाठी मदतीचा एक फॉर्म आहे. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एखादी बहीण त्यात आपली हकीकत लिहिते, सध्या कुठं राहते तो पत्ता लिहिते, कोणत्या नंबरवर फोन करू नका तेही लिहिते.

फोटो चोरीला गेले तर काही बिघडत नाही, ते आपण जगाला दाखवायलाच टाकलेत. पण त्या बहिणीचा पत्ता नको त्या माणसाच्या हाती पडला तर तिच्या जिवावर बेतू शकतं. आपल्या घरांत अशा गोष्टीला एक शब्द आहे: अमानत. कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. तंत्रज्ञानातला निर्णय घेताना हा शब्द समोर ठेवला की बरेच प्रश्न सोपे होतात.

'आम्हाला कोण हॅक करणार?'

हा प्रश्न मला खान्देशात हमखास विचारला जातो. आमची छोटी संस्था, आमच्यात कुणाला रस असणार?

एक जवळचं उदाहरण घेऊ. १४ जून २०२२ रोजी ठाणे पोलिसांचं संकेतस्थळ हॅक झालं. ते उघडणाऱ्यांना पोलिसांची माहिती दिसण्याऐवजी एक संदेश दिसत होता. भारत सरकारनं जगभरातल्या मुसलमानांची माफी मागावी, अशी मागणी त्यात होती. प्रेषितांबद्दलच्या वक्तव्यावरून वाद पेटलेला होता आणि त्या आठवड्यात देशातल्या इतरही अनेक संकेतस्थळांवर असे हल्ले झाले. आपल्या नावानं कुणीतरी परस्पर उद्योग करतो आणि त्याचा त्रास इथल्या सामान्य माणसाला होतो, हे यातलं एक दुखणं. पण आजच्या विषयापुरतं दुसरं बघा. पोलिसांकडे माणसं होती, सायबर तज्ज्ञ होते, त्यांनी संकेतस्थळ पूर्ववत केलं. उद्या आपल्या संस्थेच्या पानावर कुणी असाच भडक संदेश चिकटवला, तर तो काढायला आपल्याकडे कोण आहे? आणि तोवर त्या पानाचे स्क्रीनशॉट आपल्या नावानं किती गटांत फिरलेले असतील?

शिवाय बहुतेक हल्लेखोर तुमचं नाव बघून येतच नाहीत. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. एका चांगल्या जोडणीवरून ते हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येऊ शकत होतं. आज असं ठोठावणं रात्रंदिवस चालू असतं. ज्याचं दार उघडं सापडलं त्याच्या घरात यंत्र शिरतं. घर जळगावचं की न्यूयॉर्कचं, हे ते विचारत नाही.

पॅनेल म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधला, चोवीस तास चालू असलेला संगणक. तो आपण महिन्याच्या भाड्यानं घेतो. अख्खा यंत्रसंच न घेता त्याचा एक कप्पा घेतला तर त्याला व्हीपीएस म्हणतात. त्यावर बहुधा लिनक्स असतं आणि सगळं काम काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून करावं लागतं. नवीन वेबसाइट जोडायची, ईमेल खातं उघडायचं, डेटाबेस बनवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, बॅकअप काढायचा, हे सगळं आज्ञांनी करायचं. ज्याला ते जमत नाही किंवा ज्याच्याकडे तेवढा वेळ नाही, त्याच्यासाठी पॅनेल बनलं. ब्राउझरमध्ये पान उघडा, बटण दाबा, काम झालं.

१९९६ साली सुरू झालेलं सीपॅनेल यातलं सर्वांत ओळखीचं नाव. प्लेस्क आणि डायरेक्टॲडमिन हीदेखील पैसे मोजून घ्यायची. वेबमिन आणि त्यावर बसणारं व्हर्च्युअलमिन, आयएसपीकॉन्फिग, हेस्टिया ही मोफत आणि खुल्या स्रोताची. सायबरपॅनेल, कंट्रोल वेब पॅनेल म्हणजे सीडब्ल्यूपी, अशी आणखी बरीच आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. पॅनेलला नवे वापरकर्ते बनवायचे असतात, सेवा बंद-चालू करायच्या असतात, सगळ्या वेबसाइटच्या फाइलींना हात लावायचा असतो. त्यामुळे त्याला सर्व्हरवरचा सर्वोच्च अधिकार लागतो. लिनक्समध्ये त्याला रूट म्हणतात. आणि हे पॅनेल इंटरनेटवर स्वतःचं वेगळं दार उघडून बसलेलं असतं. सीपॅनेलचं दार २०८३, सर्व्हरमालकाचं २०८७, प्लेस्कचं ८४४३, डायरेक्टॲडमिनचं २२२२, वेबमिनचं १००००, हेस्टियाचं ८०८३, सायबरपॅनेलचं ८०९०. हे आकडे हल्लेखोरांना तोंडपाठ असतात.

म्हणजे पॅनेल बसवलं की आपण सर्व्हरला आणखी एक दार बसवतो, आणि त्या दाराच्या कुलपाला अख्ख्या वाड्याची किल्ली लागते. सोय आहे, नाकारत नाही. पण त्या सोयीची किंमत ही आहे.

चार घटना आणि त्यातले चार धडे

कोणतं पॅनेल चांगलं, हे जाहिरात वाचून कळत नाही. संकट आलं तेव्हा काय झालं, ते बघावं लागतं.

पहिली घटना वेबमिनची. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या सॉफ्टवेअर बांधणीच्या सर्व्हरवर कुणीतरी शिरलं आणि पासवर्ड बदलण्याच्या एका फाइलमध्ये चोरदरवाजा घालून गेलं. गिटहबवर ठेवलेला मूळ कोड स्वच्छ होता. लोकांनी डाउनलोड करायची तयार फाइल तेवढी खराब होती. १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांमधून हा प्रकार वर्षाहून जास्त काळ फिरत राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो उघड झाला आणि १.९३० मध्ये दुरुस्त झाला. धडा असा की 'कोड खुला आहे, हजारो लोक बघतात, म्हणून सुरक्षित' हे अर्धसत्य आहे. लोक बघतात तो कोड आणि तुमच्या सर्व्हरवर येणारी फाइल या एकच आहेत का, हा वेगळा प्रश्न असतो. पण न्यायानं हेही सांगायला हवं की वेबमिनवाल्यांनी काय घडलं ते उघडपणे लिहून मांडलं आणि आजही ते सॉफ्टवेअर नीट सांभाळलं जातं.

दुसरी व्हेस्टाची, त्याच वर्षातली. एप्रिल २०१८ मध्ये व्हेस्टा बसवलेले अनेक सर्व्हर ताब्यात घेऊन ते दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरले गेले. त्यातून लोक सावरतात तोवर ऑक्टोबरमध्ये कळलं की व्हेस्टाच्या स्वतःच्या यंत्रणेत शिरून कुणीतरी बसवणुकीची स्क्रिप्टच बदलली होती. वर्षाच्या मध्यात ज्यांनी नवीन व्हेस्टा बसवलं, त्यांचा ॲडमिन पासवर्ड बसवताक्षणीच परक्याच्या हाती जात होता. कितीही अवघड पासवर्ड ठेवा, उपयोग काय? पुढे काही लोकांनी तोच कोड घेऊन वेगळी वाट धरली आणि हेस्टिया उभं राहिलं. धडा: सॉफ्टवेअर निवडताना आपण ते बनवणाऱ्या माणसांनाही निवडत असतो. ती किती आहेत, जागी आहेत का, दुरुस्ती किती दिवसांत देतात, हे बघायला हवं.

तिसरी सीडब्ल्यूपीची. लॉगिनच्या पानातच चूक होती. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी आज्ञा लिहिली तर सर्व्हर ती निमूट पाळत होता, पासवर्डची गरजच नव्हती. दुरुस्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. चुकीचा तपशील जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाला आणि लगेच हल्ले सुरू झाले. दुरुस्ती आणि हल्ला यांच्यामध्ये दोन महिन्यांहून जास्त वेळ होता. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले. इथं सॉफ्टवेअरपेक्षा सांभाळणाऱ्याची सवय मोठी ठरली.

चौथी सायबरपॅनेलची. इथं ती सवयही पुरली नसती. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस एका संशोधकानं त्यातली, पासवर्डशिवाय रूट मिळवून देणारी त्रुटी जाहीर केली. तेव्हा इंटरनेटवर उघडी असलेली अशी सुमारे २२ हजार पॅनेलं होती आणि त्यांच्या भरवशावर दीड लाखांहून अधिक डोमेन आणि डेटाबेस होते. एका रात्रीत हा आकडा काही शेकड्यांवर आला. पीएसऑक्स नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं फाइली कुलूपबंद करून टाकल्या. सकाळी उठून अपडेट करू म्हणणाऱ्याला सकाळ मिळालीच नाही. मग वाचलं कोण? ज्यांचं ८०९० हे दार जगाला दिसतच नव्हतं ते. ज्याच्यापर्यंत हल्लेखोर पोचूच शकत नाही, ती त्रुटी असूनही तो वाचतो.

पैसे मोजून घेतलेल्या पॅनेललाही यातून सुटका नाही. २०२३ साली सीपॅनेलमध्येही एक त्रुटी सापडली. ती शोधणाऱ्यांच्या अंदाजानुसार तेव्हा इंटरनेटवर सुमारे १४ लाख सीपॅनेल उघडी होती. फरक एवढाच की तिथं पगारी माणसं आहेत आणि आपोआप अपडेट होण्याची सोय आहे, त्यामुळे बहुतेकांपर्यंत दुरुस्ती न मागता पोचली. पैसे देऊन आपण त्रुटीमुक्त सॉफ्टवेअर विकत घेत नाही. दुरुस्ती लवकर मिळण्याची शक्यता विकत घेतो.

पॅनेल कुणासाठी बनलं?

इथं एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा निसटते. ही पॅनेलं मुळात होस्टिंग विकणाऱ्यांसाठी बनली. एका सर्व्हरवर दोनशे गिऱ्हाईक, प्रत्येकाला आपापलं खातं आणि पासवर्ड. गिऱ्हाईक कुठूनही येणार, म्हणून दार सगळ्या जगाला उघडं ठेवावंच लागतं. दुकान आहे ते, शटर वरच असणार.

आपली संस्था दुकान नाही. आपल्या सर्व्हरवर फार तर तीन वेबसाइट असतात आणि सांभाळणारी दोन माणसं. जळगावच्या सराफ बाजारात बघा. पेढीचा दर्शनी भाग सगळ्यांसाठी उघडा असतो, कुणीही यावं, बघावं, भाव विचारावा. तिजोरी आत असते आणि तिच्यापर्यंत गिऱ्हाईक जात नाही. आपल्या वेबसाइटची ८० आणि ४४३ ही दारं म्हणजे दर्शनी भाग, ती उघडीच हवीत. पॅनेलचं दार तिजोरीच्या खोलीचं आहे. ते रस्त्यावर उघडायचं काहीही कारण नाही.

म्हणून 'कोणतं पॅनेल सर्वांत सुरक्षित' हा प्रश्न मी जरा बदलून विचारतो. आपल्याला पॅनेल लागतंच का? लागत असेल तर ते जगापासून लपवता येईल का? आणि ते बसवणारा मुलगा निघून गेल्यावर त्याकडे कोण बघणार?

शेवटचा प्रश्न खान्देशासाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सर्व्हर उभा करतो तो बांभोरी, धुळे किंवा शिरपूरच्या महाविद्यालयातला शेवटच्या वर्षाचा एखादा हुशार विद्यार्थी. उत्साहानं, फुकटात करतो. पुढच्या जूनमध्ये त्याला पुण्यात किंवा आखातात नोकरी लागते. सर्व्हर मागे राहतो, पासवर्ड त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये राहतो, आणि अपडेट तो गेला त्या दिवसावर थांबतात. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तरी त्यावर चालणारे सर्व्हर आजही आहेत. बसवणारा दोषी नाही. तो एकटा होता, एवढंच.

धुळ्याचंच एक उदाहरण सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या कागदांचं काय झालं असतं? १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि ते कागद सांभाळले गेले. एका माणसाचं काम संस्थेनं अंगावर घेतलं म्हणून ते टिकलं. सर्व्हरचंही तसंच आहे. तो एका माणसाचा असेल तर त्या माणसाइतकाच टिकतो.

मग निवड कशी करायची?

माझं मत सरळ सांगतो. परिस्थिती चार प्रकारची असते.

पहिली: संस्थेत तांत्रिक माणूस नाही, किंवा आहे पण वर्षभरात जाणार आहे. मग स्वतःचा सर्व्हर घेऊच नका. चांगल्या नावाच्या होस्टिंग कंपनीकडे साधी जागा घ्या. त्यात बहुधा सीपॅनेल किंवा तसंच काही मिळेल आणि त्याची निगा कंपनी राखेल. तुम्ही वेबसाइटचा मजकूर आणि आपला पासवर्ड सांभाळा. यात कमीपणा काही नाही. लेख आणि फोटोंसाठी हे पुरेसं आहे.

दुसरी: अनेक शाखा, अनेक वेबसाइट, प्रत्येक शाखेला वेगळं खातं द्यायचंय आणि दरमहा खर्चाची तयारी आहे. मग सीपॅनेल, प्लेस्क किंवा डायरेक्टॲडमिन घ्या. सीपॅनेलची किंमत २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर ठरते, तेव्हा हिशेब आधीच करा. दार उघडं ठेवावं लागणार असल्यानं आपोआप अपडेट चालू हवेत आणि प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची हवी. परवाना खराच घ्या. परवाना तोडलेलं पॅनेल 'आजीवन मोफत' म्हणून देणारे भेटतात. ज्यानं कुलूप तोडलं त्यानं आत आणखी काय ठेवलंय, हे तुम्हाला कसं कळणार?

तिसरी: दोन जाणकार माणसं आहेत, पैसे कमी आहेत, दोन-तीन वेबसाइट आहेत. मग डेबियन किंवा उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घेऊन त्यावर हेस्टिया किंवा व्हर्च्युअलमिन बसवा. त्रुटी यांच्यातही सापडल्यात, पुढेही सापडतील. म्हणून पॅनेलचं दार बाहेरून पूर्ण बंद ठेवा. ईमेलचा भाग बसवूच नका, ईमेल वेगळ्या सेवेकडे ठेवा. जी सेवा बसवलीच नाही तिच्यात त्रुटी निघाली तरी आपली झोप जात नाही.

चौथी: त्या बहिणीच्या अर्जासारखी, उघड झाल्यास कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त करील अशी माहिती. ती दर्शनी वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवायचीच नाही. तिच्यासाठी वेगळा छोटा सर्व्हर, त्यावर एकच काम, आणि पॅनेल नाही. एकाच कामासाठी पॅनेलची गरजही पडत नाही. मांडणीच्या आज्ञा एकदा नीट लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला त्या वाचून तोच सर्व्हर पुन्हा उभा करता येईल. यंत्राच्या तब्येतीवर नजर ठेवायला पडदा हवाच असेल तर कॉकपिट बघा. ते होस्टिंग पॅनेल नाही, पण त्याची रचना शिकण्यासारखी आहे. कुणी जोडलं की ते जागं होतं, आणि जो माणूस आत आला त्याला जेवढे अधिकार आहेत तेवढेच वापरतं. त्याचंही ९०९० हे दार मात्र बाहेर उघडू नका. आणि या चौथ्या प्रकारासाठी माणसं नसतील तर ऑनलाइन फॉर्म ठेवू नका. फोन नंबर द्या, भेटीची वेळ द्या. माहिती गोळाच न करणं हीदेखील सुरक्षा आहे.

निवडीनंतरचं काम

दार बंद करायचं म्हणजे कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बरेचजण अडतात. 'फक्त माझ्या पत्त्यावरून येऊ दे' असा नियम फायरवॉलमध्ये लिहिता येतो. पण आपल्या घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो, आणि मोबाइलवर तर अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. त्यामुळे तो नियम दोन दिवसांत त्रास देतो आणि कंटाळून माणूस दार पुन्हा सताड उघडतो. त्यापेक्षा एसएसएचचं भुयार वापरा. तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरच्या आतपर्यंत बंदिस्त वाट तयार होते, पॅनेलचं पान तुमच्या ब्राउझरमध्ये तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावर उघडतं, आणि बाहेरच्या जगाला ते दिसतच नाही. दोन-तीन माणसांना रोज लागत असेल तर वायरगार्डचं खासगी जाळं उभारा. नियम बदलताना जुनी खिडकी उघडी ठेवा, नव्या खिडकीतून आत जाता येतंय हे बघा, मगच जुनी बंद करा. नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त किल्लीची फाइल. प्रत्येक माणसाची किल्ली वेगळी, म्हणजे कुणी संस्था सोडली तर त्याचीच किल्ली काढता येते. सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील अशी मांडणी करा. प्रत्येक वेबसाइट वेगळ्या वापरकर्त्याखाली चालवा. तीन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यासाठी बनवलेली विसरलेली वर्डप्रेस साइट फुटली, तरी शेजारची साइट वाचली पाहिजे. खरं तर ती विसरलेली साइट काढूनच टाका.

बॅकअप दुसरीकडे हवा आणि सर्व्हरला तो पुसता येऊ नये. हे दुसरं लोक विसरतात. सर्व्हरवर बॅकअपचा पासवर्ड लिहून ठेवलेला असेल, तर खंडणीखोर आधी बॅकअप पुसेल, मग फाइलींना कुलूप लावेल. बॅकअपच्या यंत्रानं स्वतः येऊन प्रत उचलून न्यावी, अशी रचना करा. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून वेबसाइट खरोखर उभी राहते का ते करून बघा.

आता थोडं कायद्याबद्दल. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या यांनी सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. छोट्या संस्थेनंही ही सवय लावून घ्यावी. नोंदी असतील तरच काय चोरीला गेलं हे कळतं, आणि ज्यांचं गेलं त्यांना सांगता येतं. दुसरा, वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा. त्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आपले बरेच अर्जदार दहावी-बारावीचे आहेत.

आज घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या संस्थेच्या सर्व्हरचा पासवर्ड किती जणांकडे आहे आणि ते आज कुठं आहेत, ते विचारा. मग मोबाइलच्या इंटरनेटवरून आपल्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे पॅनेलच्या दाराचा आकडा लिहून बघा. लॉगिनचं पान समोर आलं, तर ते जगातल्या कुणालाही दिसतंय. आणि डेटाबेसमध्ये कोणाकोणाची माहिती पडून आहे, त्यातली कोणती आता लागत नाही, याची यादी करा. काम झालेल्या अर्जांची माहिती संस्थेत विचारून, नियम ठरवून काढून टाका.

पॅनेलचं नाव त्यानंतर ठरवू. या कामाला प्रत्येक गावातून दोन माणसं हवीत, त्यातली एक तरी इथंच राहणारी. शिकलेल्या मुली आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांना या कामात कुणी विचारलेलं नसतं. महिलांच्या अर्जांची किल्ली तरी आधी त्यांच्या हाती द्या.

आता तुमचे प्रश्न विचारा. कुणी लॅपटॉप आणला असेल तर ते भुयार इथंच करून दाखवतो.